विहिरीतली जलपर्णी

आमच्या मुलुंडच्या चाळीत तळमजल्यावरचे एक गृहस्थ दर रविवारी पवईच्या तलावातून पोतंभर जलपर्णी स्कूटरवर लादून आणायचे. ती शेणात कालवून पिंपात कुजवायची आणि गॅस करायचा, हे त्यांचं खूळ. वासाने आम्हाला घास गिळवेना. तक्रार केली की म्हणायचे, "अहो, सिलिंडरसाठी जन्मभर नंबर लावून बसणार का?"

एकदा खरंच निळी ज्योत पेटली, अर्धा कप चहा होईतो टिकली.

"माल कमी पडतोय," ते म्हणाले.

मग त्यांच्या पवईच्या फेऱ्या बंद झाल्या. सुटलो एकदाचे, म्हणत मी कळशी घेऊन चाळीच्या विहिरीवर गेलो, तर पाणीच दिसेना. सगळी जलपर्णी!

मागून ते खुशीत म्हणाले, "घरचंच पीक! उभेच आहात तर पोतं धरा."

आणि काय सांगू, मी धरलं.