थांबवा कुणी म्हणायचं

मुलुंडच्या हॉस्पिटलात बाबांचं डायलिसिस चालू होतं. ते शुद्धीवर नव्हते आणि दर वेळी मध्येच त्यांचं ब्लड प्रेशर कोसळायचं. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "आता शरीराला हे झेपत नाहीये. चालू ठेवायचं की थांबवायचं, घरच्यांनी ठरवा."

घरचे म्हणजे आई, मी आणि बोरीवलीचे काका. वर्षभरात साधा फोन न केलेले काका म्हणाले, "अजून एकदा करून बघू या ना!" माझं डोकंच सणकलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

बाबांचं आयुष्य खाणींवर गेलं. रस्तासुद्धा खाणीपुरताच असायचा अशा डोंगरांत ते खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचे पोलादी सांगाडे उभे करायचे. सुटे भाग ट्रेलरवरून यायचे, ते क्रेनने उचलून वरच्या वर जोडायचे. मी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकलो. वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला खालचं काही ऐकू जात नाही, त्याला फक्त हात दिसतो. म्हणून इशारे एकट्या बाबांनी द्यायचे. दुसऱ्या कुणी मध्ये हात हलवला की बाबा त्याचा उद्धार करत. मलाही सगळ्यांदेखत झापलंय. पण थांबायचा इशारा कुणीही द्यावा आणि ऑपरेटरने का म्हणून न विचारता थांबावं, हाही त्यांचाच नियम. एकदा जेवण घेऊन आलेल्या स्वयंपाक्याला लोड बांधलेला दोर सरकताना दिसला. त्याने घाबरत दोन्ही हात पसरले. क्रेन थांबली, लोड खाली घेतला, नीट बांधला आणि जेवणं उरकून पुन्हा उचलला. बाबांनी स्वयंपाक्याला शेजारी बसवून चहा पाजला.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा सगळे जमिनीकडे बघत होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

मी म्हणालो, "थांबवा."

काकांनी तोंड फिरवलं. बाबा त्याच आठवड्यात गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी ढसाढसा रडलो, डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, सगळ्यांसमोर.

आता घरात आम्ही दोघंच असतो. आई माझ्यावर कधी चिडली नाही. फक्त मेथी निवडताना किंवा टीव्ही चालू असताना मध्येच विचारते, "तुझ्या तोंडातून निघालं तरी कसं रे?"

मी डॉक्टर काय म्हणाले होते ते परत सांगतो. ती ऐकून घेते. तिला म्हणावं लागू नये म्हणून मी म्हणालो, एवढं मात्र तिला सांगवत नाही.