अंगठ्याला न कळलेली धार

कारागिराला वस्तरा बोथट वाटू लागला, आणि घोळाला सुरुवात झाली ती तिथून.

दुकान एका खुर्चीचं. पुढे आरसा, मागे आरसा. त्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःचं टक्कल दोन्ही बाजूंनी दिसायचं आणि राग मात्र कारागिरावर निघायचा. अख्खं आयुष्य तो त्या खुर्चीभोवती फिरला होता. फरशीवर त्याच्या चपलांनी घासून गुळगुळीत गोल पाडला होता. जो बसेल त्याला तो विचारायचा, "आज काय करायचं?" आणि बसणारा म्हणायचा, "नेहमीचंच."

आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाले, कॅन्सरचा एखादा कण मागे राहिला असेल तर तो पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून सलाइनमधून औषध घ्यावं लागेल. त्या विभागात एक नर्स होती. प्रत्येक पेशंटशी बसून बोलायचं, त्याचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचं आणि उपचार त्या दिवसात कसे बसवायचे ते त्याच्यासोबत ठरवायचं, हे तिचं काम. सगळे तिला ताई म्हणत.

पहिल्याच भेटीत ताईने विचारलं, "औषध डॉक्टर सांगतील. पण तुमच्या आयुष्यातलं असं काय आहे, जे सुटता कामा नये?"

कारागिराच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नेहमीचंच."

ताई हसली. सोबत आलेली बायको हसली नाही. "त्यांना काही नको असतं हो. त्यांचं सगळं मी बघते."

"बघाच तुम्ही. पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आणि काका, बोटांना मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर लपवायचं नाही. लगेच सांगायचं."

"सांगतो की," कारागीर म्हणाला. त्याच्या धंद्यात दुसऱ्याचं ऐकायची रीत. खुर्चीत बसून लोकांनी त्याला सुनांची भांडणं सांगितली होती, भावकीचे दावे सांगितले होते. त्याचं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सांगायचं कसं हे त्याला येतच नव्हतं.

बोटांच्या शेंड्यांना मुंग्या आल्या तेव्हा तो गप्पच बसला. सांगितलं तर औषध थांबवतील, औषध थांबलं तर बायको धसका घेईल. आणि वस्तरा खाली ठेवायला लावतील ते वेगळंच. ताईने दर वेळी विचारलं, दर वेळी त्याने मान हलवून "मजेत" म्हटलं.

आता धार बघायची त्याची पद्धत वडिलांकडून आलेली. पात्यावर अंगठा आडवा, हलकेच फिरवायचा. धार असली की ती कातडीला किंचित अडते. डोळ्याला चकवता येतं, अंगठ्याला नाही, असं वडील सांगायचे. एके सकाळी त्याने अंगठा फिरवला आणि काहीच अडलं नाही. जणू लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं. मुंग्या बोटांना होत्या हे त्याला माहीत होतं, पण अंगठ्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने पोलादाला नावं ठेवली. दगडावर घासलं, चामड्याच्या पट्ट्यावर ओढलं, पुन्हा अंगठा फिरवला. पातं मुकंच.

मग हे रोजचंच झालं. तो घासायचा, अंगठा काही सांगायचा नाही, तो आणखी घासायचा. पातं कागदासारखं पातळ होत चाललं. केस त्यावर नुसता टेकला की दोन तुकडे होऊन पडायचा. गिऱ्हाइकं खूश.

"कारागीर, आजारपणानंतर हात हलका झालाय तुझा," अर्जदार म्हणाला. हा निवृत्त कारकून. पाण्यापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यावर तक्रारीचे अर्ज करायचा, म्हणून त्याचं हे नाव.

"बोलू नका, मानेवर आलोय."

"न बोलून कसं चालेल? त्या कुत्र्याचं काय झालं ऐक," असं म्हणून त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटून कुत्र्याची कैफियत सुरू केली. गळ्याची घाटी फेसाखाली वरखाली होत होती. कारागिराने कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला.

पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली.

कारागिराने वस्तरा बाजूला घेतला. त्याने टॉवेलने फेस पुसला, गळा पाहिला, कानामागे पाहिलं. जखम कुठेच नव्हती. अर्जदार डोळे मिटून कुत्र्याबद्दल बोलतच होता. आणि त्याच्या अंगावरच्या फडक्यावर रक्ताचे थेंब पडतच होते, एकामागून एक. तेव्हा कारागिराने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. अंगठा आडवा चिरला होता. मघाशी धार बघताना चिरला असणार. त्याला कणभरही दुखलं नव्हतं.

त्याने वस्तरा मिटला. "उरलेली दाढी आज दुसरीकडे करून घ्या," तो म्हणाला.

"अर्ज करीन तुझ्यावर," अर्जदार डोळे उघडत म्हणाला, मग त्याचा चेहरा पाहून खुर्चीतून उठला.

दुपारीच कारागीर बायकोला घेऊन ताईसमोर जाऊन बसला आणि पट्टी बांधलेला अंगठा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. ताई रागावली नाही. तिने डॉक्टरांना बोलावून आणलं.

"बोटं बधिर करणारं एक औषध बंद करून उरलेलं चालू ठेवता येईल," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण उपचारांएवढा भरवसा त्यात नाही. तसा पक्का भरवसा कशातच नाही. पण ते एक औषध चालू ठेवलं तर हात कायमचे बधिर होऊ शकतात."

"पूर्ण द्या," बायको म्हणाली. "हात घेऊन काय करायचेत? मी भरवीन."

"काकू, त्यांना बोलू द्या," ताई म्हणाली. "काका, वस्तरा आजपासून बंद, त्यात वाद नाही. आणि औषध थांबवलं तरी बधिरपणा काही महिने वाढू शकतो, तेही लक्षात घ्या. आता सांगा."

कारागिराने पट्टी बांधलेला अंगठा टेबलावरून उचलला. "घरात बसलो की मला दिवसभर पोटच ऐकू येतं," तो म्हणाला. "आत काहीतरी हलल्यासारखं. दुकानात लोकांच्या बडबडीत ते ऐकू येत नाही. वस्तरा जाऊ दे. कात्री धरता आली पाहिजे. ते औषध बंद करा."

बायकोने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली आणि ते निघून गेले.

बाहेर जिन्यात बायको थांबली. "चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकलं."

"तुमचं एकट्याचं? आणि मग मी कुठे जाऊ?"

तिने पुढे होऊन त्याच्या शर्टाचं गळ्याखालचं बटण लावलं, मग त्याखालचं, मग त्याखालचं.

"उघडीच होती?" त्याने विचारलं.

"सकाळपासून."

त्याने खाली पाहिलं. सकाळी नेहमीसारखी न बघता, बोटांनी चाचपून आपण सगळी लावली, अशी त्याची खात्री होती.