गोंडा बांधणारी बकरी

"सून देखणी हाय गं, पण मुकी तर न्हाई ना बांधली तुमच्या गळ्यात?"

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. मी दाराआड तांदूळ निवडत होते. बोलणाऱ्या होत्या अक्का, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भगिनी. ठाणाकुशनूरहून चार दिवसांसाठी आमच्याकडे जनवाड्याला आलेल्या. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावं फिरून येते, अशी ख्याती.

सासूबाईंनी चुलीत फुंकर घातली आणि म्हणाल्या, "मुकी न्हाई ती. ऐकून घेणारी हाय. घरात असं बी एक माणूस पायजे की."

लग्न होऊन दोन महिने झालेले, माहेर लांब अफजलपुरात, आणि माझ्या बाजूने कोणी तरी बोललं होतं. त्या एका वाक्यासाठी मी सासूबाईंसाठी विहिरीत उडी टाकली असती. आता काय सांगायचं, विहिरीची वेळ आली नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्यांनाच ढकलायला निघाले होते.

झालं असं. मागच्या साली सासऱ्यांनी परसात गुरांसाठी नव्या सिमेंटचा हौद बांधला होता. बीदरला कुठल्याशा कचेरीत तसा पाहून आले होते, म्हणून हौस. उन्हाळा लागला आणि हौदाला अशा भेगा गेल्या, की सकाळी भरावा आणि दुपारी बैलांनी कोरडा चाटावा. म्हणून आता नव्या गिलाव्यासाठी मस्तानचाचा गवंडी आले होते.

"मालक, चुना असू द्या न्हाई तर सिमेंट," चाचा माल कालवत सांगत होते, "नुसता माल वाळला की आखडतो, अन् आखडला की फाटतो. त्यात बकरीचे केस चिरून घाला. एक केस दहा जागी धरून ऱ्हातो. मंग कशी भेग पडती बघू."

सासरे खुशीत आले. "असं म्हणता? मंग आमच्या मंडळीचेच चार केस टाका. असे केस साऱ्या तालुक्यात न्हाईत. सात पिढ्या हौद हलायचा न्हाई."

"बायकोच्या केसाचं कौतुक करता करता तुझे गेले की रे सगळे," अक्का बाजेवरून म्हणाल्या.

सासूबाई त्या वेळी न्हाणीत होत्या. सोमवार, डोक्यावरून न्हायचा दिवस. सासऱ्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, धनगराकडचे केस आत फडक्यात बांधून ठेवल्यात. तेवढे आणून दे बाळ."

मी आत गेले. आता बघा, आत गाठोडी दोन. एक बाजेखाली, एक कोनाड्यात डब्यांच्या मागे. एका शब्दाने विचारलं असतं, "कोणतं?", तर हा किस्सा इथेच संपला असता. पण विचारायचं कोणाला? सासऱ्यांपुढे मी तोंड उघडत नव्हते, आणि अक्कांना विचारण्यापेक्षा बैलाला विचारलेलं बरं.

तेव्हा मी अक्कल चालवली. बाजेखालच्या गाठोड्याला बकरीचा वास येत होता. म्हणून मी नाक मुरडून ते मागे सारलं. होय, बकरीच्या केसांना बकरीचा वास आला, म्हणून! कोनाड्यातल्याची गाठ जरा सैल करून अंधारात बोट घातलं. मऊ, गुळगुळीत, स्वच्छ. चाचा खूश होतील, म्हटलं.

चाचांनी फडक्यातून एक लांब झुपका ओढला आणि विळ्यावर चिरायला घेतला.

"केस लांब हायत की," ते म्हणाले.

"धनगराची बकरी चांगली असंल," सासरे म्हणाले.

थोडं चिरून चाचांनी बोटं नाकाशी नेली. "शिकेकाईचा वास येतोय, मालक. तेल बी हाय."

"बकरीला?"

चाचांनी फडकं झटकलं. लालभडक रेशमी गोंडा खाली पडला. चाचांनी तो उचलून उन्हात धरला आणि शांतपणे विचारलं, "ये कौनसी बकरी है जी, गोंडा बांधको फिरती?"

मी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. सासूबाई उभ्या होत्या. ओल्या केसांवर गच्च पदर, आणि पदराखाली अंबाडा असतो तिथे सपाट. एक हात तिथेच दाबलेला. मोठ्या तापात केस गेले ते पुरते आलेच नाहीत, स्वतःच्याच गळलेल्या केसांची गुंतवळ जमवून त्यांनी ते अंबाड्यात घालायचं गंगावन करून घेतलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला फक्त त्यांचे डोळे दिसले. काल माझ्या बाजूने बोललेली बाई ती हीच.

"गंगावन हाय हे," अक्का बाजेवरून उतरल्या. "कुणाचं?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. हौदाला आजतागायत एक भेग नाही. अक्का दर दिवाळीला माझ्यासाठी ठाणाकुशनूरहून नवं गंगावन धाडतात. एक गुपचूप सासूबाईंच्या अंबाड्यात गेलं, बाकीची तीन खुंटीला लटकली आहेत, आणि माझी स्वतःची वेणी मोकळी सोडली तर बसल्या पाटाला टेकते. दर सोमवारी सासूबाई मला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालतात, दाराला कडी लावून, माझे केस कोणाला दिसू नयेत म्हणून. डोक्यावरून त्यांचा हात फिरतो तेव्हा वाटतं, एवढं माहेरपण मला माहेरीही मिळालं नव्हतं. आणि गावात अजून म्हणतात, बिचारीचे केस बेताचेच.

म्हणोत. कारण अक्कांनी "कुणाचं?" म्हणून विचारलं, तेव्हा मी पदर पुढे ओढला आणि सासरच्या माणसांसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माझं हाय ते. अन् चाचा, उरलेलं बी बारीक चिरून घाला. माझ्यापरीस हौदाला गरज जास्त हाय."