करुणाताई कोर्टात उतरतात

मुकुंदवाडीच्या करुणा वाहुळ लग्नमांडवांना लाइटिंग करतात. त्यांची एक सवय धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेज ताब्यात देण्याआधी त्या स्वतः नवरीच्या खुर्चीत बसून समोर बघतात. डोळे दिपले, तर दिवे हलवायचे.

चिकलठाण्यात शिवराजनं जुन्या गोदामाचा बॅडमिंटन हॉल केला आणि दिव्यांचं काम त्यांना दिलं. मांडवाबाहेरचं हे त्यांचं पहिलंच काम. उद्या तिथं स्पर्धा. आज दुपारी खिडक्या झाकून चाचणी. उजेड जमला नाही तर स्पर्धा दुसऱ्या हॉलला आणि काम पुण्याच्या पार्टीला, हे शिवराजनं आधीच सांगून ठेवलं होतं.

बटण दाबताच हॉल लखलखला. कोर्टाच्या बरोब्बर वर, मधोमध, दिव्यांची रांग. दारात जमलेली माणसं खूश.

पलीकडून मैत्रिणीनं शटल उंच दिलं, स्पर्धेत उतरणारी तनुजा स्मॅशसाठी उडाली. रॅकेट हवेत फिरली, शटल मागं पडलं. पुन्हा तेच.

"ताई, दिव्यात शिरतंय अन् गायब होतंय!"

"लई झकपक केलंय," शिवराज म्हणाला. "नवरदेव तेवढा यायचा राहिलाय."

करुणाताई हसल्या नाहीत. तनुजाची रॅकेट घेऊन तिच्याच जागी उभ्या राहिल्या. "उडव उंच," त्यांनी पलीकडच्या मैत्रिणीला सांगितलं.

शटल वर गेलं, मान वर झाली आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं बाई! मी दारातूनच बघत बसले. खुर्चीत बसलेच नाय की!"

मग एकच धावपळ. शिडी धरायला खुद्द शिवराज. मधली रांग उतरली. दिवे कोर्टाच्या दोन्ही कडांबाहेर, रेषांना समांतर गेले. मागची भिंत पांढरी होती आणि शटलही पांढरं. टेम्पोतून मांडवाचा गर्द हिरवा पडदा आला, भिंतीवर ताणला गेला.

तनुजा उडाली. फाट! शटल रेषेच्या आत आदळलं. आणखी एक. आणखी एक.

"दिसतंय! ताई, पीसन्‌पीस दिसतंय!"

शिवराजनं शिट्टी मारली.

"थांबा हो, पलीकडची बाजू राहिली," म्हणत करुणाताई जाळीच्या पलीकडं गेल्या, मैत्रिणीची रॅकेट घेतली, पदर खोचला, मान वर केली. "उडव गं."

शटल उंच चढलं, वळलं, खाली आलं. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि रॅकेट घुमवली. आयुष्यातला पहिला फटका जाळीपार गेला. हॉलभर आरडाओरडा.

"शिवराजभाऊ," धापा टाकत त्या म्हणाल्या, "पुण्याला फोन लावा. येऊ नका म्हणावं."