दारावरची फुली

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत उठायचं नाही, या अटीवर सांगतो. सगळ्या ठाकुर्लीला कळलंय, तुम्हीच काय ते राहिलात.

गेल्या पोलिओ मोहिमेची गोष्ट. रविवारी बूथ झाला की आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरतात. बाळाला डोस मिळाला असेल तर दाराशेजारी खडूने 'पी' लिहितात. राहिला असेल तर फुली. आणि फुलीच्या घरी त्यांना परत यावंच लागतं. हे मला आधी ठाऊक असतं, तर मी केव्हाच सुरुवात केली असती!

तर सकाळी बेल वाजली. आमची ही गेली, मुलगा मेलबर्नला, त्यामुळे माझी बेल वाजवतो तो कुरिअरवाला, तीसुद्धा समोरच्यांचं पार्सल ठेवून घ्याल का म्हणून. दार उघडलं तर आशाताई, सुरेखा नावाची. आत टेबलावर फोनमध्ये माझा नातू ओम किंचाळत होता. तिकडे दुपार झालेली आणि त्याला झोपायचं नव्हतं. चपलांच्या रॅकवर त्याचे इवले बूटही होते, गेल्या खेपेचे. आता पायात जाणार नाहीत, पण असू देत म्हणून ठेवलेत.

"बाळ आहे ना काका?"

"आहे की. तीन वर्षांचा आहे."

"मग आणा ना, दोन थेंब देते नि जाते."

"आत्ता नको गं, झोपायची वेळ झालीय त्याची."

आता यात खोटं काय आहे, सांगा बरं? तिने फुली मारली आणि म्हणाली, "उद्या येते हं काका."

उद्या येते! किती महिन्यांनी हे शब्द कानावर पडले असतील? घोटाळा माझ्या लक्षात आला होता हो, नाही असं नाही. पण निस्तरला असता तर उद्या कोण आलं असतं? मी गुपचूप दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मी पोहे केले. तिने खाल्ले, सासूची गाऱ्हाणी सांगितली, जिने चढून गुडघे गेले म्हणाली. ओम बागेत गेलाय, असं मी ठोकून दिलं. हे मात्र शुद्ध खोटं.

तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंना घेऊनच आली. हा म्हातारा लसीच्या विरोधात आहे, असं त्यांचं ठरलं होतं. मी! दरवर्षी याच मोहिमेची प्रभातफेरी काढून घसा बसवून घेणारा मास्तर! मागोमाग चेअरमन राणे आले, समोरच्या कुलकर्णीवहिनी शिरा घेऊन आल्या, वरच्या मजल्यावरचेही दोघे आले. खुर्च्या पुरेनात, म्हणून मी आतून पाट आणले. हिच्या तेराव्यानंतर या घरात इतकी माणसं पहिल्यांदाच बसली होती.

"सर, तुम्ही शिकलेली माणसं," राणे म्हणाले, "नातवाच्या जिवाशी कशाला खेळताय?"

मी विचारात पडल्याचं दाखवलं. लगेच कबूल केलं असतं तर उठले असते ना सगळे!

एवढ्यात फोन वाजला. वहिनी जवळ होत्या, त्यांनी उचलला. पडद्यावर ओम. "आजोबा कुठेत?" सगळ्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी तरी कर्तव्य सोडलं नाही, त्याच्या लसींची चौकशी केलीच. मुलगा म्हणाला, इथे सगळ्या वेळेवर झाल्यात. आणि मग हळूच, "बाबा, घरात एवढी माणसं कशी? तुम्ही बरे आहात ना?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेक जण उठला. राणे म्हणाले, काही लागलं तर सांगत जा. सुरेखाने तळव्याने फुली पुसली, 'पी' लिहिलं आणि तीही गेली.

मी पाट आत ठेवले. शिऱ्याची वाटी विसळली. घर इतकं गप्प झालं की मला बसवेना. मास्तराच्या घरी खडूला काय तोटा? कपाटातून एक काढला, बाहेर गेलो, 'पी' पुसलं आणि झोकात फुली मारली.

मागे वळलो तर सुरेखा! पाण्याची बाटली विसरली होती.

तिने ओढणीचं टोक माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडूनच फुली पुसून घेतली. पुसून होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी होती, वर्गात मी उभा राहायचो तशी. मग खडू काढून घेतला.

"घरात मूल आहे म्हणालात ते काही खोटं नव्हतं काका," ती म्हणाली. "आहे एक. गुरुवारी येते मी, पोह्यांत शेंगदाणे घाला."