माघात झाकलेली रास

"हवालदार म्हात्रे यांनी खबऱ्याचे नाव टोळीला विकले. खबऱ्याचा काटा निघाला आणि म्हात्रे पेणहून रोह्याला पळाले. चौकशी अहवालातील काळ्या शाईखाली हेच दडले आहे." एका निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकात असे ठोकून दिले आहे. अहवालाचे ते पान मी टंकलेखित केले. पेणच्या ठाण्यात मी रायटर होतो. शाईखाली काय आहे ते मला कोणी शिकवू नये.

धर्माजी म्हात्रे मिठागरात राबणाऱ्या घरातले. कोणाकडेही गेले तरी दाराला पाठ करून बसत नसत, आणि खबऱ्याचे नाव डायरीत लिहीत नसत. "नाव कागदावर आलं का मानूस अर्धा मेला, रायटर," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

एका माघात ते घामाघूम होऊन ठाण्यात आले. धरमतरच्या बाजूला एका पडीक मिठागरात मिठाची रास पेंढ्याने शाकारल्याची खबर त्यांना मिळाली होती. साहेब हसले. "मीठ झाकतातच की, म्हात्रे!"

"झाकतात, पन पावसाच्या तोंडावर. माघात रास कोन झाकतं, साहेब? झाकनारा मीठवाला नाय."

हसणे तिथेच विरले. आम्ही वर कळवले. हुकूम यायला आठ दिवस लागले. पेंढा उपसला तेव्हा बोटभर मिठाखाली स्फोटकांची खोकी निघाली, आणि शेजारच्या चिखलात तितक्याच खोक्यांचे नुसते ठसे. ती कोठे गेली, ठाऊक नव्हते. आजही एसटीत बसण्यापूर्वी मी बाकाखाली पाहतो.

टोळीतले काही जण पकडले गेले. उरलेले खबऱ्याला शोधू लागले. एका सकाळी रामवाडीतील म्हात्र्यांच्या उंबऱ्यावर मूठभर पेंढा पडलेला होता. "आपल्याकडं गाय नाय, म्हस नाय. पेंढा कुनी टाकला वो?" वहिनींनी विचारले. म्हात्र्यांनी तो रुमालात बांधला. ठाण्यात येऊन त्यांनी तो माझ्या टेबलावर सोडला.

"भ्या मना हाय, खोटं कशाला बोलू? पन ते माजं भ्या. त्यात दुसऱ्याचा जीव कशाला घालू?"

उरलेली खोकी कशी निसटली याची चौकशी बसली, तीत खबऱ्याचे नाव विचारले गेले. "इथून बाहेर जाणार नाही," चौकशीला आलेल्या साहेबांनी हमी दिली.

"माजं गेलंच ना, साहेब. दारात पेंढा आलाय."

नाव त्यांनी दिले नाही, म्हणून माझ्या पानावर ते नव्हतेच. पानावर होते ते आठ दिवस, आणि ते कोणत्या टेबलावर गेले त्याची नोंद. सरकारने शाई फिरवली ती त्यांवर. वाच्यता न करण्याच्या कागदावर माझी सही घेतली गेली. ती सही मी आज मोडतो आहे.

आणि रोह्याची बदली? अर्ज मीच लिहून दिला होता. "माज्यामागं येतील ते. खाडीकाठच्या त्या मानसाकडं नाय बघनार," म्हात्रे म्हणाले होते. तसेच झाले. रोह्यात त्यांच्या घरासमोर एक अनोळखी इसम वर्षभर बसून असे. म्हात्रे रोज त्याच्यादेखत बाजाराला जात, आणि परतल्यावर आतून दोन कड्या लावत.

रोह्यातच ते आजारपणात गेले. शेवटच्या भेटीत मला जवळ बोलावून म्हणाले, "दर माघात दारात मिठाची पुडी येते, हंगामातलं पयलं मीठ. कोन ठेवतं ते मना ठावं. पुडी येते तवर समज, ते मानूस जितं हाय."

म्हात्रे जाऊन बारा वर्षे झाली. वहिनी रोह्यातच राहतात. यंदाच्या माघातही पुडी आली.