डाकबहीतली कोरी जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर — जाऊ दे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

ती कागद चिकटवायची पट्टी — घरी आम्ही तिला चिकटपट्टी म्हणायचो, ऑफिसात सगळे टेप म्हणत, आणि सामानाच्या मागणीत मी वळणदार अक्षरात 'पारदर्शी टेप' लिहायचो. झाशीतल्या एका लहानशा रेल्वे ऑफिसात मी बाबू होतो; ब्राह्मण म्हणून सगळे मला पंडितजी म्हणत. फायलींच्या फाटक्या कडा, नकाशांच्या घड्या — सगळ्यांवर तीच.

मुलीने एकदा तिचा दुसराच उपयोग दाखवला. वहीत अक्षर चुकलं की वर पट्टी दाबायची, नखाने घासायची, हळूच ओढायची — शाई निघून येते. कागद जरा खरखरीत होतो, इतकंच. मी तिला रागावलो होतो. खरंच रागावलो होतो.

आमचा चपराशी रामदयाल. टपाल ज्याला दिलं त्याची डाकबहीत सही घ्यायचा. एका निवृत्त गार्डाचा अर्ज त्याने मला दिला, मी सही केली आणि गप्पांच्या नादात अर्ज रद्दीत टाकला. रद्दी जाळली गेली. गार्डाने पुढे नवा अर्ज दिला, त्याचं काम झालं. पण पहिला कुठे गेला, हे साहेबांना हवं होतं. मी म्हणालो, मला मिळालाच नाही. सही सापडली असती तर काय झालं असतं? बोलणी बसली असती, फार तर ताकीद. एवढ्यासाठी — बघा ना, एवढ्यासाठी — जेवणाच्या सुट्टीत मी डाकबही उघडली आणि सहीवर पट्टी दाबली. अर्धं आडनाव राहिलं, म्हणून पुन्हा दाबली.

रामदयालचं नाव तेव्हा दफ्तरीच्या जागेसाठी पुढे होतं. बसून फायली बांधायच्या, पायपीट नाही. त्याचे गुडघे गेले होते. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्याचा अर्ज मीच लिहून दिला होता.

साहेबांनी दोघांना बोलावलं. रामदयालने त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला, थांबला, परत फिरवला. कळलं असेल का त्याला? अजून मला ठाऊक नाही.

"पंडितजी झूठ बोल रहे हैं क्या?" साहेबांनी विचारलं.

"नईं साब," तो म्हणाला, "पंडितजी झूठ काए बोलहें? हमईं से कऊँ गिर गओ हुइए." पंडितजी कशाला खोटं बोलतील, त्याच्याच हातून कुठेतरी पडला असेल, म्हणे.

मी तोंड उघडलं नाही. भेकड होतो, दुसरा शब्द नाही. त्याची दफ्तरीची जागा गेली, बदली ललितपूरला झाली आणि चपराशी म्हणूनच तो निवृत्त झाला.

ललितपूरला जायच्या दिवशी तो माझ्या पाया पडायला आला. वाकायला त्याला वेळ लागला. मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.